राहून गेलेले बीजगणित

आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात जमिनीचे जुने खरेदीखत, सोसायटीची पासबुके, सासूबाईंची नथ आणि माझी मॅट्रिकची गुणपत्रिका एवढी इस्टेट आहे. गुणपत्रिका १९७५ सालची. घडीवर घडी पडून ती चार जागी विरली आहे. माझ्या मागे पोरे ती चुलीत घालतील, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण २०२५ च्या जून महिन्यात ती मी पेटीतून काढली आणि नातीपुढे ठेवली. तिच्या अकरावीच्या फॉर्मावरून आमच्या घरात आठ दिवस धुसफूस चालली होती, त्या वेळची ही हकिगत आहे. दहावीचा निकाल लागला की अशी धुसफूस घरोघर होते, म्हणून लिहायला बसले. लिहिण्याची सवय नाही. काना-मात्रा संपादकांनी सांभाळून घ्यावी.

त्या गुणपत्रिकेवर गणिताच्या जागी 'अंकगणित' असा शब्द आहे. आधी त्या शब्दाचे सांगते.

माझे माहेर राहुरीच्या बाजूचे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मी दहा वर्षांची असताना, १९६८ साली, राहुरीला कृषी विद्यापीठ निघाले. पुढे अकोला, परभणी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठे झाली. पण आमच्या लेखी विद्यापीठ म्हणजे राहुरीचे. दादा, म्हणजे माझे वडील, एकदा खालच्या वावरातली माती पिशवीत बांधून तिकडे तपासायला निघाले, तेव्हा बैलगाडीत मीही चढून बसले. तिथे पांढरा कोट घातलेल्या एका माणसाने आमची माती काचेच्या बशीत घेतली आणि वरून आम्लाचे चार थेंब टाकले. माती फसफसून वर आली. "चुनखडी फार आहे," तो म्हणाला. दादा घरी येईपर्यंत 'चुनखडी फार आहे' एवढेच पुटपुटत होते. माझ्या डोळ्यांपुढून मात्र ती फसफसणारी माती जाईना. ज्या मातीत आपण रोज पाय बुडवतो ती अशी बोलते, आणि तिचे बोलणे कळणारी माणसे असतात, याचे मला मोठे नवल वाटले. आपल्यालाही हे काम आले पाहिजे, असे मनाने घेतले. मुलीने असे मनात घ्यायचे ते दिवस नव्हते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे. आमच्या शाळेत नववीत गेले की गणिताच्या दोन वाटा फुटत. एक बीजगणित-भूमितीची, दुसरी अंकगणिताची. अंकगणितात नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम-वेग, हौदाचे नळ असले हिशोब. बीजगणित अवघड म्हणून त्याचा जादा तास सकाळी सातला भरे.

मी नववीत गेले ते साल १९७२. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. दादा आणि आई पाझर तलावाच्या कामावर, थोरला भाऊ खडी फोडायला. कामावर सुकडी वाटत, ती घरी आली की धाकट्यांची झोंबाझोंबी. सकाळी सातला बीजगणिताचा तास भरे तेव्हा मी दोन मैलांवरच्या विहिरीवर हंडा घेऊन रांगेत उभी असे. विहिरीत उतरून वाटीने पाणी भरावे लागे, तासाला एक हंडा. तेव्हा गणित कोणते घ्यायचे हा प्रश्न घरात पडलाच नाही. गुरुजींनी वर्गात विचारले, "मुलींनी अंकगणित घ्यावे, सोपे जाते, मार्क पडतात." दादा म्हणाले, "हिशोब आला म्हंजी झालं. बीजगणितानं काय भाकरी थापायच्यात?" दोघांच्याही मनात माझे वाईट नव्हते. मीही मान डोलावली. सकाळी झोपेला अर्धा तास जास्त मिळेल असा उलट आनंद झाला.

तीन वर्षे मी अंकगणितात चांगले गुण मिळवले. सामान्य विज्ञानात त्याहून चांगले. मॅट्रिकला दुसऱ्या वर्गात पास झाले आणि दादांना घेऊन तालुक्याच्या कॉलेजात गेले. शेतकी कॉलेजची वाट शास्त्र शाखेकडून जाते, एवढे कुणीतरी सांगितले होते. खिडकीतल्या कारकुनाने गुणपत्रिका हातात घेतली, वरून खालपर्यंत बोट फिरवले आणि मध्येच बोट थांबवले.

"बीजगणित-भूमिती नाही. शास्त्राला अर्ज घेता येणार नाही. आर्ट्सला देऊ का?"

दादांनी विचारले, "पण मार्क तर पडल्यात की?"

"मार्क पडलेत हो, पण विषय नाही."

तो माणूस रागावला नव्हता की हसला नव्हता. त्याच्यापुढे माझ्यासारख्या किती आल्या असतील. आम्ही एसटी स्टँडवर आलो, दादांनी मला उसाचा रस पाजला आणि आम्ही घरी गेलो. पुढच्या वर्षी माझे लग्न झाले.

यातली खरी बोच वेगळीच आहे. माझ्यामागे एका वर्गावर माझी चुलत बहीण होती. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली अशा दोन्ही तुकड्या एकदमच परीक्षेला बसल्या. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगून ठेवले होते की पहिली दहा वर्षे सगळ्या मुलामुलींना गणित आणि विज्ञान सक्तीचे असावे. त्या नव्या पद्धतीत आमच्या शाळेत बीजगणित-भूमिती सगळ्यांनाच आली. चुलत बहीण रडत रडत शिकली. तिला कुणी "नको घेऊ" म्हणू शकले नाही, कारण न घेण्याची सोयच उरली नव्हती. ती शास्त्राला गेली आणि पुढे हायस्कूलात विज्ञानाची शिक्षिका झाली. ती माझ्यापेक्षा हुशार होती असे मी आजही कबूल करणार नाही. ती फक्त एका वर्षाने मागे होती.

असो. लग्नानंतर पन्नास वर्षे शेती केली, दोन मुले वाढवली, मालक गेले, गोठा वाढला. बीजगणितावाचून माझे काही अडले नाही असे लोकांना सांगते, आणि ते खरेही आहे.

आता नातीचे. तिला घरात आम्ही तायडी म्हणतो. २०२२ च्या पावसाळ्यात आपल्याकडे गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा ती आठवीत होती. आमच्या दोन गाई आणि एक कालवड. वाडीवरच्या एका गाईच्या अंगावर गाठी आल्या आणि सगळ्यांचे धाबे दणाणले. पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस टोचायला एक बाई डॉक्टर आल्या. पोरसवदा, स्कूटीवर, पायांत गमबूट. शेळ्यांच्या देवीची लस त्या वेळी गाईंना टोचत होते. तायडीने विचारले, "शेळीची लस गाईला कशी चालती?" त्या बाई हसल्या आणि तिथेच गोठ्यात उभ्या राहून सांगू लागल्या की शेळीच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू एका कुळातले आहेत, एकाची ओळख पटली की गाईचे शरीर दुसऱ्यालाही ओळखते. तायडीचे डोळे मी पाहिले. फसफसणारी माती पाहताना माझे असेच झाले असणार. महिनाभराने कपिला गाय रात्री व्यायला अडली, वासराचा पाय मागे दुमडला होता. तेव्हा त्याच बाई पहाटे आल्या, खांद्यापर्यंत हात घालून वासरू सरळ केले. तायडीने बॅटरी धरली होती. त्या दिवसापासून पोरीने एकच धरले : गुरांची डॉक्टर होणार.

दहावीचा निकाल लागला, चांगले गुण पडले आणि घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आमच्यात शिकलेला म्हणजे माझ्या दिराचा मुलगा. त्याने राहुरीच्या विद्यापीठातून शेतीची पदवी घेतली आहे आणि तालुक्याला त्याचे बी-बियाणे आणि औषधांचे दुकान आहे. माणूस गुणी, भावकीला धरून. तो म्हणाला, "काकू, काही विचार करू नका. मी केलं तेच करा. आपल्या जवळच्या कॉलेजात सायन्स आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि पीक विज्ञान. पीक विज्ञान दोनशे मार्काचं, आपल्या पोरांना सोपं जातं. चालत जायचं अंतर. दोन वर्षांत बारावी, सीईटी दिली की मोकळी."

माझा मुलगा लगेच तयार झाला. सूनबाईही. कॉलेज दीड किलोमीटरवर, पोरगी डोळ्यांपुढे. मी गप्प होते. पण 'सोपं जातं' हा शब्द कानावर पडला आणि माझ्या पोटात कालवले. हा शब्द मी आधी ऐकला होता.

मी पुतण्याला विचारले, "अरे, हे घेतल्यावर काय मिळतं ते तू सांगितलंस. काय सुटतं?"

"सुटतं म्हणजे?"

"म्हंजी हे विषय घेतले तर कोणतं कॉलेज हिला नाही म्हणेल?"

तो थोडा घोटाळला. खरे तर त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण त्याला शेतीच्या पदवीलाच जायचे होते. पोराने मोबाइल काढला आणि आम्ही दोघे ओट्यावर बसून एकेक माहितीपुस्तिका वाचू लागलो. इंग्रजी तो वाचे, मी वहीत मराठीत उतरून घेई. त्या संध्याकाळी जे समजले ते असे.

शेतीच्या पदवीला बारावी विज्ञान लागते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवेच, आणि त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. सीईटीचेही तसेच दोन गट आहेत, एक गणिताचा आणि एक जीवशास्त्राचा, आणि शेतीच्या पदवीला दोन्ही गटांतून जाता येते. शिवाय शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्याच्या आधारावर जादा गुणभार आहे. तेव्हा पुतण्याचे त्याच्यापुरते काही चुकले नव्हते. कृषी अभियांत्रिकी, म्हणजे अवजारे, ठिबक, बंधारे यांचे शिक्षण, त्याला मात्र गणित पाहिजे.

गुरांच्या डॉक्टरकीचा मामला निराळा. ते शिक्षण कृषी विद्यापीठात नाही. त्याचे विद्यापीठ वेगळे, २००० साली नागपूरला झालेले. त्याखाली मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली कॉलेजे येतात. तिथे बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय लागतात, आणि खुल्या प्रवर्गाला त्यांत मिळून निम्मे गुण हवेत. इंग्रजीही धरतात, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. राज्याची सीईटी तिथे चालत नाही. डॉक्टरकीची जी नीट परीक्षा, तीच द्यावी लागते. ती ७२० गुणांची, आणि त्यांतले ३६० एकट्या जीवशास्त्राचे.

पुतण्याने मोबाइल खाली ठेवला. "काकू, जवळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला माणूसच नाही. तुकडीच नाही ती."

म्हणजे पोरीने दोन वर्षे मन लावून अभ्यास केला असता, गुण मिळवले असते, आणि बारावीनंतर कुठल्या तरी खिडकीपाशी कुणीतरी बोट मध्येच थांबवून म्हटले असते, मार्क पडलेत, पण विषय नाही. आता खिडकी नसते, संगणक असतो. तो तर उसाच्या रसालाही वेळ देत नाही.

पीक विज्ञान वाईट असे कुणी समजू नये. ज्याला शेतीकडेच जायचे त्याला तो विषय फार उपयोगाचा, आणि एखाद्या कॉलेजात जीवशास्त्र ठेवून तो घेता येत असेल तर सोन्याहून पिवळे. घोटाळा विषयात नाही. 'सायन्स घेतलं म्हणजे सगळं खुलं' अशी जी आपली समजूत आहे, तिच्यात आहे. आपण बाजारात गाय घेताना दात मोजतो, आचळे पिळून पाहतो, चालवून पाहतो. आणि पोरांचे विषय मात्र 'जवळचं आहे' आणि 'मैत्रिणीनं घेतलं' यावर ठरवतो. मीही तशीच ठरवली गेलेली, म्हणून बोलते.

पुढे कुणी म्हणाले, राहिलेला विषय नंतर देता येतो की. येतो. बारावी झाल्यावर एखादा विषय 'तुरळक विषय' म्हणून देण्याची सोय शिक्षण मंडळाने ठेवली आहे. पण विज्ञानाचा विषय म्हटला की प्रयोग आले, प्रयोगवही आली, ती सही करणारे कॉलेज शोधणे आले, आणि तोवर वर्ष मोडते. असा मागाहून दिलेला विषय पुढचे कॉलेज धरते की नाही, हेही आधी विचारून ठेवावे लागते. आपल्या घरातली मुलीची जात. एक वर्ष मोडले की तिचे काय होते ते मी कशाला सांगू.

आता जीवशास्त्र असलेले कॉलेज होते सोळा किलोमीटरवर. मुलगा अडून बसला. "रोज सोळा किलोमीटर, पोरीला एकटीला धाडायचं? आणि एवढं करून नीटमध्ये नंबर लागंलच कशावरून?" त्याचे बोलणे खोटे नव्हते. जागा थोड्या, परीक्षेला बसणारे लाखांनी. मी त्याला म्हटले, नाही लागला नंबर तर याच विषयांवर जीवशास्त्राच्या गटातून सीईटी देऊन ती शेतीच्या पदवीला जाईल, तुझ्या चुलतभावासारखी. जीवशास्त्र घेतले तर दोन्ही दारे उघडी आहेत, न घेतले तर एकच. खर्चाचे म्हणशील तर खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. पुढे २०२४ सालापासून ज्या घराचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणीची आणि परीक्षेची फी माफ केली आहे, आरक्षणातल्या आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना तिचा लाभ मिळतो. दाखले मात्र वेळेवर काढावे लागतात.

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खरी अडचण बाहेर आली, आणि ती सूनबाईने काढली. एसटी सहा-चाळीसला. सकाळची धार तायडी काढते. सूनबाई डबे आणि चूल बघते, मुलगा दूध डेअरीला घालतो. पोरगी सहाला फाट्यावर गेली तर दोन गाईंची धार कोण काढणार? आठ दिवस ज्या गोष्टीला आम्ही अंतर म्हणत होतो, काळजी म्हणत होतो, ती गोष्ट धारेची होती. १९७२ साली हंडा होता, आता चरवी.

"मी काढीन," मी म्हटले.

मुलगा म्हणाला, "आई, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना नाही धार काढायची."

त्याच रात्री मी पेटी उघडून गुणपत्रिका तायडीपुढे ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली. आणि भावनेच्या भरात माझ्याकडूनही एक चूक झालीच. मी म्हटले, "जीवशास्त्र घे, आणि गणितही ठेव. गणित सोडू नको. कृषी अभियांत्रिकीही खुली राहील. एकही दार बंद करू नको."

तायडीने गुणपत्रिका नीट घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाली, "आज्जी, मला गणित नको. दहावीत ते करताना मला रडू यायचं. तुझं राहिलेलं बीजगणित माझ्या दप्तरात टाकू नको."

मी चपापले. दादा मला 'नको घेऊ' म्हणाले होते, मी तिला 'सोडू नको' म्हणत होते. पोरीचे कुणीच विचारत नव्हते. मग आम्ही दोघींनी पुन्हा वही उघडली आणि गणित सोडले तर काय काय जाते ते लिहून काढले. कृषी अभियांत्रिकी जाते. इतर अभियांत्रिकी जाते. तिने एकेका ओळीवर बोट ठेवून "जाऊ दे" म्हटले. शेवटच्या ओळीवर जरा थांबली, मग म्हणाली, "जाऊ दे. मला अवजारं नाही बनवायची." गणिताच्या जागी तिने भूगोल घेतला. मला आतून थोडे लागले, ते मी गिळले. दार तर बंद झालेच, पण या वेळी कडी तिने स्वतःच्या हाताने लावली, आणि पलीकडे काय आहे ते बघून लावली.

फॉर्म भरायला आम्ही ई-सेवा केंद्रावर गेलो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, खेड्यांतसुद्धा. आधी शहरांतच तसे होते. केंद्रावर ही गर्दी. चालवणारा पोरगा हाताने चपळ, पण घाईत. त्याने पसंतीक्रमात पहिले नाव जवळच्या कॉलेजाचे घातले. विचारलेसुद्धा नाही. गावातल्या सगळ्या पोरांचे तो तसेच घालत होता. मी चष्मा लावून पडद्यावर वाचत होते म्हणून दिसले.

"बाळा, हे पहिलं नको. ते लांबचं पहिलं."

"आजी, काही फरक पडत नाय. वर-खाली झालं तरी चालतं."

मागे रांगेत उभ्या असलेल्या एका शिक्षकांनी त्याला थांबवले. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाद होते, असे त्यांनी सांगितले. पोराने मान खाजवली आणि नावे बदलली. मी त्याला दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून दाखवायला लावले. रांगेतले लोक कुरकुरले. कुरकुरू देत.

पहिल्या फेरीतच तायडीला लांबचे कॉलेज मिळाले. प्रवेशाच्या दिवशी विषयांचा वेगळा कागद भरायचा असतो, तोही मी वाचला. एक सांगते, हा कागद बाकीच्या कागदांत दबून जातो. दाखला, फोटो, फी, ओळखपत्र या गडबडीत विषयांपुढे टिचक्या मारताना कुणाचे लक्ष नसते. तिच्या मागे एक मुलगी होती, तिला पोलीस व्हायचे होते. तिला कोणतेही विषय चालणार होते. तिच्या मागचा मुलगा मात्र म्हणाला, "मलाबी डॉक्टर व्हायचंय," आणि त्याच्या कागदावर गणित आणि माहिती तंत्रज्ञान अशी टिचकी होती. तायडीने त्याला बाजूला घेऊन समजावले. त्याने कागद बदलला की नाही ते कळले नाही, आमची एसटी आली.

गुणपत्रिका तेव्हापासून पेटीत नाही. तायडीने त्याच केंद्रावर तीस रुपये देऊन तिला प्लॅस्टिकचे कव्हर चिकटवून आणले आणि आपल्या पुस्तकांच्या फळीवर उभी करून ठेवली. मी म्हटले, "अगं, दुसरा वर्ग आहे, लोकांना काय दाखवतेस?" तर म्हणाली, "लोकांना नाय, मला दिसावी म्हणून."

सहा-चाळीसची एसटी कधी सातला येते, कधी येतच नाही. मग मुलगा डेअरीला जाताना तिला मोटरसायकलवर पुढच्या स्टँडपर्यंत सोडतो. तोंडाने अजून काही बोलत नाही. धार मी काढते. गुडघ्यांखाली पोत्याची घडी घेते. पण कपिलेला माझा हात मानवत नाही, ती पान्हा चोरते. रविवारी तायडी बसते, तेव्हा चरवी अर्धा लिटर जास्त भरते.